‘नस दबली आहे’ : एका निदानाची अडीचशे वर्षं



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही कंबरदुखीकडे कधी वळलात?” आम्ही म्हटलं, “बाबा रे, आम्ही कुठले वळतोय. कंबरेनेच आम्हांला एकदा असं धरलं होतं की वळणंच बंद झालं होतं.” तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो की आमच्या नावामागचं ‘डॉक्टर’ हे तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.चं आहे. इथे कुणाला औषध मिळणार नाही. एका कल्पनेचा इतिहास मात्र मिळेल, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, त्याचाही उपयोग होतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात शिकवताना हातातला खडू खाली पडला. उचलायला वाकलो आणि कंबरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या मागून, पोटरीतून थेट घोट्यापर्यंत गेली. दोन विद्यार्थ्यांनी धरून रिक्षात बसवलं. दवाखान्यात फोटो काढले, पाय वर उचलून पाहिला आणि सांगितलं, “नस दबली आहे. गादी सरकली आहे. आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, फळीवर झोपायचं.” सहा आठवडे आम्ही फळीवर पडून काढले. मग पट्टा आला. तीन-साडेतीन महिन्यांत कळ गेली. ते वाक्य मात्र गेलं नाही. पुढची कित्येक वर्षं आम्ही स्टेशनवर स्वतःची बॅग उचलली नाही. नात झाली, रांगायला लागली, हात वर करून समोर उभी राहायला लागली. आम्ही तिला कधी कडेवर घेतलं नाही. बसल्या जागी मांडीवर घ्यायचो. आज ती कॉलेजात जाते. आता ती कडेवर मावायची नाही.

त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. त्या काळी साधारण तोच सल्ला सगळीकडे दिला जात होता. प्रश्न त्यांचा नाहीच, त्या वाक्याचा आहे. ‘नस दबली आहे’ हे तीन शब्दांचं वाक्य आपल्याकडे घराघरांत बोललं जातं. कुणी म्हणतं मणक्यात गॅप आलाय, कुणी म्हणतं चकती घसरली. ही वाक्यं ऐकायला साधी वर्णनं वाटतात, पण त्यांच्या पोटात कार्यकारणाचा एक अख्खा सिद्धान्त आहे. तो असा : पाठीचा कणा म्हणजे एक यंत्र. त्यातला एक भाग जागचा हलला, तो तारेवर दाबला गेला, म्हणून तार बोंबलते आहे. भाग जागेवर बसवा किंवा काढून टाका, तार गप्प होईल. आज आपण हा सिद्धान्त कुठून आला, त्याला तडे कसे गेले आणि त्याच्या जागी काय आलं, ते पाहू.

त्याआधी एक हत्यार हाताशी घेऊ. आपल्या न्यायशास्त्रात एखादी गोष्ट दुसरीचं कारण आहे की नाही हे तपासायला अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या आहेत. अन्वय म्हणजे ‘हे असलं की ते असतं’. व्यतिरेक म्हणजे ‘हे नसलं की ते नसतं’. दोन्ही जुळलं तर कारण म्हणा. शिवाय नैयायिकांनी एक मजेदार सावधगिरी सांगून ठेवली आहे. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, घडा होण्याआधी ते हजर असतं. म्हणून काही गाढव घड्याचं कारण ठरत नाही. अशा हजर असलेल्या पण कारण नसलेल्या गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आपला आजचा प्रश्न थोडक्यात एवढाच आहे की दाब हा कुंभार आहे की गाढव?

आता मागे जाऊ. हे दुखणं फार जुनं आहे. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात आणि ते वातव्याधींत येतं. सुश्रुताने लिहून ठेवलं आहे की यात पाय उचलणं अडतं. आजचे डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलतात, ती परीक्षा युरोपात १८८० च्या सुमारास रूढ झाली. फ्रान्समधले लासेग यांचं नाव तिला मिळालं. सर्बियातले लाझारेविच, जे डॉक्टरही होते आणि कथाकारही, त्यांनी ती स्वतंत्रपणे वर्णन केली होती. म्हणजे खूण सगळ्यांना ओळखीची होती. वाद होता तो कारणाचा.

युरोपात फार काळ असं मानत की हे दुखणं खुब्याच्या सांध्याचं आहे. १७६४ साली नेपल्समध्ये दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने एक छोटं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की सांध्याचं दुखणं वेगळं आणि मज्जातंतूचं दुखणं वेगळं. मांडीमागून उतरणारी ही कळ मज्जातंतूची आहे. हा मोठा टप्पा होता. पण त्याने कारण काय दिलं ते बघा. मज्जातंतूच्या आवरणात एक दाहक, झोंबणारा द्रव साठतो आणि तो तंतूला त्रास देतो, असं त्याचं म्हणणं होतं. दाबाची गोष्ट त्याच्या मांडणीत मुख्य नव्हती. मुख्य होता तो झोंबणारा द्रव. त्याच्याजवळ ना रसायनशास्त्र होतं ना पुरावा. तर्क होता. तो तर्क पुढे मागे पडला. कोतुन्योला मनात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदन करणाऱ्यांना मणक्यांच्या मधल्या चकत्यांतून बाहेर आलेले तुकडे अधूनमधून दिसत होते. १९२९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रुग्णांच्या मज्जारज्जूवर दाबणारे कूर्चेचे सुटे तुकडे काढल्याचं लिहिलं. पण जगाला पटलं ते १९३४ मध्ये. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मिक्स्टर हे मेंदू-मज्जातंतूंचे सर्जन आणि जोसेफ बार हे अस्थिशल्यतज्ज्ञ. पाठीला दुखापत झालेल्या एका तरुणाच्या मज्जारज्जूच्या मार्गातून त्यांनी एक गाठ काढली. बार यांना शंका आली की ही गाठ नसून चकतीचाच तुकडा आहे. मग दोघांनी रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले. कूर्चेच्या गाठी म्हणून नोंदवलेले कितीतरी नमुने चकतीचे तुकडे निघाले. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांचा निबंध आला आणि कंबरदुखीचं जग बदललं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिक्स्टर आणि बार चुकले नव्हते. त्यांना जे दिसलं ते खरं होतं आणि त्यांच्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसं वेदनेतून सुटली. मोठ्या शोधाचा एक धोका असतो. दिसलेली गोष्ट इतकी ठसठशीत असते की न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल विचारायचं राहून जातं. चकतीचा तुकडा हातात घेता येतो, बरणीत ठेवता येतो. तो यंत्रयुग होतं. सरकलेला भाग आणि दबलेली तार हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पटकन बसलं.

आता अन्वयाची कसोटी लावू. दाब असला की वेदना असते का?

१९५८ मध्ये स्मिथ आणि राइट या दोन इंग्रज डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. चकतीची शस्त्रक्रिया करताना त्यांनी मज्जातंतूच्या मुळाभोवती नायलॉनचा बारीक दोरा घातला आणि त्याची टोकं कातडीबाहेर आणून ठेवली. रुग्ण शुद्धीवर येऊन सावरल्यावर ते दोरे हलकेच ओढून पाहिले. आधीपासून आजारी असलेल्या मुळाचा दोरा जरासा ओढला तरी रुग्ण म्हणायचा, हीच ती कळ. इतर ठिकाणचे दोरे ओढले तर ती ओळखीची कळ उठत नव्हती. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत कुस्लिच आणि सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांवर फक्त जागा बधिर करून, म्हणजे रुग्ण जागे असताना, शस्त्रक्रिया केल्या आणि एकेक भाग दाबून विचारलं, दुखतं का? निरोगी मूळ दाबलं किंवा ताणलं तर सहसा दुखत नव्हतं. सुजलेलं, दाह झालेलं मूळ हात लागताच पायात कळ सोडत होतं.

तुम्ही स्वतः हा प्रयोग अनेकदा केला आहे. मांडी घालून जेवायला बसलात, पाय अवघडला. मज्जातंतू दबला. काय झालं? मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, जड झाला. सायटिकेची ती विजेसारखी कळ काही आली नाही. दाबाने बधिरपणा येतो, ताकद कमी होते. वेदनेला आणखी काहीतरी लागतं.

मग आली चित्रं. १९६८ मध्ये हिट्सेलबर्गर आणि विटेन यांनी पाठीची तक्रार नसलेल्या ३०० माणसांच्या मज्जारज्जूच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास केला. एक तृतीयांशाहून जास्त चित्रांत बिघाड दिसला. १९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी कधीच कंबरदुखी न झालेल्या ६७ जणांचे एमआरआय काढले. साठीच्या आतल्या माणसांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याच्या चकत्या बाहेर आलेल्या होत्या. १९९४ मध्ये अशाच ९८ जणांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. या लोकांना काही होत नव्हतं. एमआरआय काढला नसता तर त्यांना कधी कळलंही नसतं.

अन्वय मोडला. दाब आहे, फुगवटा आहे, पण वेदना नाही. उलटंही दिसत होतं : कळ जोरात आहे, पण चित्रात दाब सापडत नाही. म्हणजे व्यतिरेकही मोडला. दाबाला गाढव म्हणून मोकळे व्हावं का? थांबा, इतकी घाई नको. १९७७ मध्ये हाऊ, लोसर आणि कॅल्विन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की निरोगी मुळावरचा दाब क्षणभर संदेश उठवून शांत होतो. पण आधीच दुखावलेल्या मुळावर, किंवा मुळाजवळच्या संवेदी पेशींच्या गाठीवर दाब दिला की संदेश मिनिटामिनिटांपर्यंत सुटत राहतात. म्हणजे दाबाचाही हिस्सा आहे, पण कुणीतरी आधी मज्जातंतूला चिडवून ठेवलेलं असावं लागतं. चिडवतं कोण?

इथे रसायनशास्त्र रंगमंचावर येतं. मणक्यांमधली चकती म्हणजे बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखं चिवट तंतूंचं कडं आणि आत मऊ, ओलसर गाभा. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय जगणारी ही सगळ्यात मोठी रचना. त्यामुळे आतला गाभा रक्तापासून, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांपासून आयुष्यभर लपलेला असतो. कडं फाटून तो बाहेर आला की पहारेकऱ्यांना तो परका वाटत असावा, असा विचार १९६० च्या दशकात पुढे आला. १९७३ मध्ये मार्शल आणि ट्रेथवी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की गाभ्यातली द्रव्यंच मज्जातंतूच्या मुळाला रासायनिक रीतीने चिडवत असावीत. १९८७ मध्ये मॅककॅरन यांच्या गटाने कुत्र्यांच्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर त्यांच्याच चकतीचा गाभा सोडला. दाब येण्याइतकं तिथे काही नव्हतं, तरी जोरदार दाह झाला.

आणि १९९० मध्ये कॅलिफोर्नियातले साल बंधू, फ्रान्सन आणि सहकारी यांनी शस्त्रक्रियेत काढलेले चकतीचे तुकडे तपासले. त्यांत त्यांना फॉस्फोलायपेज ए-टू नावाचं एन्झाइम प्रचंड क्रियाशील अवस्थेत सापडलं.

एन्झाइम म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातून समजून घेऊ. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्च्या पपईचा कीस लावतो. पपईतलं एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं. स्वतः न संपता दुसऱ्याचे तुकडे करणारी कात्री, असं समजा. गंमत म्हणजे पपईतलंच कायमोपपेन नावाचं एन्झाइम १९६० च्या दशकात लायमन स्मिथ यांनी माणसाच्या चकतीत टोचून गाभा विरघळवण्याचा उपचार सुरू केला. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काहींना तीव्र ॲलर्जी, काहींना मज्जारज्जूच्या गुंतागुंती झाल्या आणि तो उपचार मागे पडला. एका कात्रीने गाभा कापायला निघालेल्या वैद्यकाला हे पुरतं ठाऊक नव्हतं की त्या गाभ्याच्या स्वतःच्याही कात्र्या असतात.

फॉस्फोलायपेज ए-टू ही अशीच कात्री. आपल्या प्रत्येक पेशीची भिंत स्निग्ध पदार्थांची असते. ही कात्री त्या भिंतीतून ॲराकिडोनिक आम्ल कापून काढते. त्या आम्लावर दुसरं एन्झाइम काम करतं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. ही द्रव्यं रक्तवाहिन्या पसरवतात, सूज आणतात आणि वेदना सांगणाऱ्या मज्जातंतूंचा उंबरठा खाली आणतात. उंबरठा खाली आला म्हणजे एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती असा स्पर्श, खोकला, शिंक, सगळं वेदना म्हणून वर कळवलं जातं. ॲस्पिरिन यातलं दुसरं पाऊल अडवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याचसाठी होता. आणि ए-टू कुटुंबातल्या कात्र्या आणखी कुठे सापडतात? नागाच्या, घोणसीच्या विषात. मधमाशीच्या डंखात. तीच जात, वेगळे सोयरे. म्हणजे आपल्या कंबरेत, चकतीच्या गाभ्यात, विषाच्या दूरच्या नात्यातली वस्तू असू शकते.

नंतरच्या काही प्रयोगशाळांना या एन्झाइमची तितकी मोठी पातळी सापडली नाही, हेही सांगायला हवं. पण दार उघडलं होतं. पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की बाहेर आलेल्या चकतीचे तुकडे काचेच्या बशीत ठेवले तरी आपणहून प्रोस्टाग्लँडिन, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रथिनं कापणारी मेटॅलोप्रोटीनेज नावाची एन्झाइम तयार करत राहतात. म्हणजे एक एन्झाइम नव्हे, अख्खी टोळी.

यातला सगळ्यात निर्णायक प्रयोग आमच्या मते स्वीडनमधल्या गोटेनबर्गचा. १९९३ मध्ये ओल्मार्कर, रीडेव्हिक आणि नॉर्डबोर्ग यांनी डुकरांच्या कण्याच्या खालच्या टोकाकडल्या मज्जातंतूंवर त्याच प्राण्याच्या चकतीचा गाभा नुसता ठेवला. तुलनेसाठी दुसऱ्या प्राण्यांत त्यांच्याच पोटातली चरबी ठेवली. दाब कुठेच नाही. काही दिवसांत गाभा लागलेल्या मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग घसरला आणि तंतूंना इजा झालेली दिसली. चरबीने तसं काही केलं नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर दाब वजा केला, कार्य उरलं. पुढे १९९८ मध्ये त्याच गटाने टीएनएफ-अल्फा या दाहाच्या संदेशद्रव्याकडे बोट दाखवलं; ते अडवलं की इजा कमी होत होती.

मंडळी, इथे कोतुन्योकडे परत या. १७६४ मध्ये त्याने म्हटलं होतं की मज्जातंतूभोवती झोंबणारा द्रव असतो. त्याची जागा चुकली होती, द्रवाचं स्वरूप त्याला माहीत असण्याची शक्यताच नव्हती. पण सव्वादोनशे वर्षांनी विज्ञान ज्या दिशेला पोचलं, तिकडे त्याने मान वळवली होती.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती : जुना सिद्धान्त चूक, नवा बरोबर. पण इतिहास असा सोयीस्कर नसतो. दाह हेच कारण असेल तर दाह मारला की वेदना गेली पाहिजे. तसं करून पाहिलं गेलं. १९९७ मध्ये कॅनडात १५८ रुग्णांवर कॅरेट यांच्या गटाने पाठीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनची चाचणी घेतली. सुरुवातीचे काही आठवडे पायाची कळ थोडी कमी झाली, पण हालचालींत फारसा फरक पडला नाही आणि शस्त्रक्रियेची गरजही कमी झाली नाही. फिनलंडमध्ये टीएनएफ-अल्फा अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दहा रुग्णांना दिलं, ते भराभर बरे झाले. मोठी आशा निर्माण झाली. मग ४० रुग्णांवर, निम्म्यांना नुसतं सलाइन देऊन, रीतसर तुलना केली. दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही बराच वेळ त्यावर विचार करत बसलो. सलाइनवालेही बरे झाले! कसे? उत्तर आपल्या कथेतल्या खलनायकाकडेच आहे. बाहेर आलेला चकतीचा तुकडा बऱ्याचदा आपोआप आकसतो किंवा नाहीसा होतो. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पूर्ण सुटून बाहेर पडलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के कमी झाल्याचं दिसलं, नुसत्या फुगवट्यांपैकी मात्र १३ टक्केच. म्हणजे चित्रात जे जास्त भयानक दिसतं, तेच जास्त विरघळतं. विरघळवतं कोण? भक्षक पेशी. त्यांना बोलावतं कोण? २००० मध्ये हारो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या चकत्यांवर दाखवलं की तीच मेटॅलोप्रोटीनेज एन्झाइम भक्षक पेशींना हाक मारतात. मज्जातंतूला चिडवणारी टोळीच सफाई कामगारांना घेऊन येते.

आणि २०२२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध आला. कंबरदुखीच्या रुग्णांत ज्यांच्या रक्तात सुरुवातीला दाहाची हालचाल जोरात होती, त्यांचं दुखणं सुटलं. ज्यांच्यात ती मंद होती, त्यांचं रेंगाळलं. उंदरांना दाहशामक औषध दिलं तर वेदना तात्पुरती घटली, पण एकूण लांबली. याचा अर्थ उद्यापासून गोळी फेकून द्या असा मुळीच नाही. माणसांत हे अजून चाचणीने सिद्ध व्हायचं आहे आणि असह्य वेदना सोसत राहणं हा काही पुरुषार्थ नव्हे. पण ‘दाह म्हणजे शत्रू’ हे वाक्यही ‘नस दबली’ इतकंच अर्धं आहे, एवढं यातून कळतं.

मग कुंभार कोण आणि गाढव कोण? आम्हांला वाटतं, प्रश्नच जरा चुकीचा होता. घड्याला माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. कळ उठायला फाटलेलं कडं, बाहेर आलेला गाभा, त्यातली एन्झाइम, चिडलेला मज्जातंतू, त्यावरचा दाब आणि हे सगळं ऐकणारा, घाबरलेला माणूस लागतो. नैयायिक याला कारणसामग्री म्हणायचे. एकटं कारण कार्य घडवत नाही, सामग्री घडवते. या यादीतल्या शेवटच्या घटकाकडे, माणसाकडे, वैद्यकाचं लक्ष सर्वांत उशिरा गेलं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ‘दबली आहे’ म्हटलं की उपाय ठरून जातो : हलू नका, नाहीतर आणखी दबेल. म्हणून माणसं फळीवर गेली. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १८३ सायटिकेच्या रुग्णांवर चाचणी झाली. दोन आठवडे अंथरुणात पडलेले आणि झेपेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, दोघंही सारखेच बरे झाले. आमचे ते सहा आठवडे आठवले. उलट ‘चिडली आहे’ म्हटलं तर? चिडलेलं माणूस शांत होतं. त्याला वेळ द्यावा लागतो, पुन्हा पुन्हा डिवचायचं नसतं, पण त्याला कोंडूनही ठेवायचं नसतं. एका क्रियापदाने किती फरक पडतो पाहा.

आता चॅटमध्ये एका भगिनींनी विचारलं आहे, “म्हणजे ऑपरेशन करूच नये का?” ताई, असं आम्ही म्हणणार नाही. नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांची तुलना छापली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले जास्त बरे होते, चार वर्षांनंतर फरक फारसा उरला नव्हता. ज्याला आज उभं राहवत नाही, त्याला चार वर्षांचा हिशोब सांगून काय उपयोग? तो निर्णय रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. आणि एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा शौच-लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद भराभर जाऊ लागली, तर तिथे तत्त्वज्ञान ऐकत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे दाब हाच कुंभार असतो आणि तो काढावाच लागतो.

शेवटचं सांगतो. गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. आम्ही हे सगळं वाचलेलं तिला सांगत होतो. ती म्हणाली, “आजोबा, मग तेव्हा तुम्ही मला उचललं असतंत तर चाललं असतं?” आम्ही म्हटलं, “कदाचित चाललं असतं गं.” ती हसली, आणि स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा आपली बॅग तिने आमच्या हातात दिली. जड होती. जिना चढून वर नेली. दुसऱ्या दिवशी कंबर थोडी दुखली. पण या वेळी आम्ही कुणाला ‘नस दबली’ म्हणालो नाही.